शब्दांची कुळकथा : आसरा

आमच्या शेजारीं एक वृद्ध बाई राहत असत. बत्तीस वर्षें शाळेंत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या. यजमान दहा वर्षांपूर्वीं वारले. मुलगा परदेशांत, मुलगी बंगळुरास. गेल्या चैत्रांत त्यांनीं बिऱ्हाड आवरावयास घेतलें. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमांत खोली घेऊन राहावयाचें त्यांनीं ठरविलें होतें. कोणीं घालविलें म्हणून नव्हे, स्वतःच्या विचारानें ठरविलें होतें. तरीहि निरोप देण्यास मी गेलों तेव्हां त्यांचा चेहरा नेहमींचा नव्हता. दाराच्या चौकटीवर त्यांच्या यजमानांनीं हौसेनें बसविलेली पितळी पाटी होती. तिच्यावर घराचें नांव कोरलेलें होतें, ‘आश्रय’. पदरानें त्या पाटीवरची धूळ पुसतां पुसतां बाई म्हणाल्या, “तुम्ही शब्दांच्या मागें हिंडणारे, तेव्हां एवढें सांगा. सारें आयुष्य ‘आश्रया’त गेलें, आतां ‘आश्रमा’त चाललें आहें. शब्द एकच ना हो हे? शेवटीं काय, दुसऱ्याच्या आधारानें राहावयाचें!”

मीं त्यांस तेथल्या तेथें उत्तर दिलें नाहीं. व्याकरणाचें उत्तर उंबरठ्यावर उभ्यानें देऊं नये, आणि ज्याच्या डोळ्यांत पाणी आहे त्याला तर मुळींच देऊं नये. “पुढच्या अंकांत लिहितों,” एवढें बोलून मी परतलों. दर महिन्यास एका शब्दाची कुळकथा सांगण्याचा वाचकांशीं माझा करार आहेच. या खेपेस ती त्या बाईंचें देणें म्हणून सांगतों.

आधीं उत्तर सांगून टाकतों. हे शब्द एक नव्हेत. दिसावयास सख्खे भाऊ दिसतात, परंतु त्यांचीं कुळें निराळीं आहेत. ‘आश्रय’ हा ‘श्रि’ धातूचा आणि ‘आश्रम’ हा ‘श्रम्’ धातूचा. एकाच्या पोटीं टेकणें आहे, दुसऱ्याच्या पोटीं कष्टणें. हें अंतर दिसतें त्याहून मोठें आहे, आणि आपल्या घरांचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास त्या अंतरांत सांठविलेला आहे.

पहिल्यानें ‘आश्रय’ घेऊं. ‘श्रि’ म्हणजे टेकणें, रेलणें, कलून राहणें. शिडीला संस्कृतांत ‘निश्रेणी’ म्हणतात, कारण ती आपल्या बळावर उभी राहत नाहीं. तिला भिंत लागते. त्याच घराण्यांतला ‘निसण’ हा शब्द कोकण-गोव्याकडे शिडीसाठीं अजून ऐकूं येतो. नारळ उतरविणाऱ्याला वा कौलें चाळणाऱ्याला निसण आणून देणारा मुलगा आपण एका वैदिक धातूला खांद्यावरून वाहत आहों हें जाणत नाहीं. पण भाषा अशीच खांद्यांखांद्यांवरून चालत आली आहे.

या धातूची सोयरीक आपल्या देशापुरतीच नाहीं. संस्कृतांतल्या पुष्कळ शकारांच्या जागीं ग्रीक-लॅटिनांत ककार सांपडतो. आपलें ‘शतम्’ तें लॅटिनांत ‘केंतुम्’. त्याच न्यायानें आपल्या ‘श्रि’चा ग्रीक भाऊ ‘क्लीनो’ आहे. त्याचाहि अर्थ टेकणें, कलणें असाच. ज्यावर आडवें होऊन टेकावयाचें त्या पलंगाला ग्रीक लोक ‘क्लीने’ म्हणत, आणि रोग्याच्या त्या पलंगावरूनच पुढें ‘क्लिनिक’ शब्द निघाला. आपल्या गल्लीच्या कोंपऱ्यावर डॉक्टरांच्या दारावर ‘क्लिनिक’ अशी जी पाटी लटकत असते, ती आपल्या ‘आश्रया’ची फार दूरची चुलत बहीण आहे. दोघींच्याहि मुळाशीं थकलेला देह आणि त्यास मिळालेला टेका एवढेंच चित्र आहे.

‘आश्रया’चा ‘आसरा’ झाला तो मात्र जरा वेगळ्या रीतीनें झाला. जुन्या प्राकृताच्या वाटेनें जे शब्द मराठींत आले, त्यांचा रकार वाटेंत गळाला. ‘अश्रू’चें ‘आसूं’ झालें, ‘श्वश्रू’ची ‘सासू’ झाली. (हीं दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं आलीं हा माझा दोष नव्हे.) ‘आश्रय’ त्या वाटेनें येता तर त्याचाहि रकार उरला नसता. तो उरला आहे, त्या अर्थीं हा शब्द लोकांनीं मागाहून संस्कृतांतून उचलला, आणि ‘रत्न’ ‘रतन’ व्हावें, ‘जन्म’ ‘जनम’ व्हावा, तसा त्याचा जोडाक्षराचा सांधा उकलून तो जिभेला सोपा केला. शेवटचा यकार विरून गेला, आणि पंडितांचा ‘आश्रय’ शेतकऱ्याचा, वाटसरूचा, माहेरवाशिणीचा ‘आसरा’ झाला.

आतां त्याच्या शेजारचे शब्द पाहिले म्हणजे याचा स्वभाव नीट कळेल. ‘निवारा’ हा निवारण्यावरून आला. ऊन, पाऊस, वारा यांस जो बाहेरच्या बाहेर थोपवितो तो निवारा. ‘आडोसा’ म्हणजे आड येणारी वस्तु. हे दोन्ही शब्द बाहेर पाहणारे आहेत. काय आंत येऊं द्यावयाचें नाहीं एवढेंच ते सांगतात. ‘आसरा’ आंत पाहतो. थकलेली पाठ कोणाला टेकावयाची हें तो विचारतो. म्हणून निवारा विटामातीचा करतां येतो; आसरा मात्र माणसाला व्हावें लागतें. पावसांत आपण झाडाखालीं आसरा घेतों हें खरें. परंतु ‘तिला कोणाचा आसरा नाहीं’ या वाक्यांत ‘कोणाचा’ काढून ‘कशाचा’ घालून पाहावें, वाक्य लगेच लंगडूं लागतें. डोक्यावर मंगलोरी कौलांचें भक्कम छप्पर असतांनाहि माणूस निराश्रित असूं शकतें, हें आपल्या भाषेला पक्कें ठाऊक आहे.

संस्कृतालाहि तें ठाऊक होतें. वैदिक शब्दांचा जो जुना कोश ‘निघंटु’ नांवानें प्रसिद्ध आहे, त्यांत घराच्या नांवांची एक यादी आहे. तींत ‘शरण’ आहे, ‘शर्म’ आहे, आणि ‘छाया’हि आहे. पुढें अमरसिंहानें आपल्या कोशांत ‘शरण’ शब्दाचे दोन अर्थ दिले, एक घर आणि दुसरा रक्षण करणारा. घर आणि रक्षणकर्ता यांस एकच शब्द! ज्या घरांत रक्षण करणारें माणूस नाहीं, त्याला त्या जुन्या भाषेनें घर म्हटलें असतें कीं नाहीं याची शंकाच आहे.

त्या यादींतला ‘शर्म’ हा शब्द तर या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या घरीं रोजच्या वापरांतला आहे, फक्त त्याचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. मुंजींत बटूला अभिवादन शिकवितात. गोत्र सांगावयाचें, प्रवर सांगावयाचे, आणि शेवटीं आपल्या नांवास ‘शर्मा’ जोडून नमस्कार करावयाचा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत नांवें कशीं असावींत याचा नियम आहे. ब्राह्मणाच्या नांवांत ‘शर्म’ असावें, क्षत्रियाच्या नांवांत रक्षण, वैश्याच्या नांवांत समृद्धि आणि शूद्राच्या नांवांत सेवा असावी, असा तो आहे. शर्म म्हणजे सुख, आणि शर्म म्हणजे आसरा. तेव्हां आठ वर्षांचा मुलगा हात जोडून ‘मी अमुकशर्मा’ असें म्हणतो, तेव्हां तो नकळत ‘मी आसरा आहें’ असें सांगत असतो. नांवाचें हें ओझें आपण किती पेललें, हा प्रश्न यापुढें टाळतां यावयाचा नाहीं.

परंतु शब्दांचेंहि अधःपतन होतें. ‘शरण’ म्हणजे घर, हा अर्थ मराठींत पार लोपला. आज ‘शरण जाणें’ म्हणजे हार खाणें, शस्त्र खालीं ठेवणें. घर मागावयास आलेल्या माणसानें आधीं मान वांकवावी, अशी अट इतक्या वेळां घातली गेली कीं शेवटीं घर विसरलें आणि वांकलेली मान तेवढी शब्दांत उरली. १९४७ सालच्या फाळणीनंतर घरदार टाकून जे लोक इकडे आले, त्यांस हिंदींत ‘शरणार्थी’ म्हणूं लागले. त्यांतल्या पुष्कळांस हा शब्द खपेना. ‘आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी आहों’ असें ते सांगत. मराठीनें त्यांस ‘निर्वासित’ म्हटलें. एका शब्दांत माणूस काय मागतो तें सांगितलें आहे, दुसऱ्यांत त्याचें काय गेलें तें. ज्याचें सर्वस्व गेलें त्याला दुसरा शब्द थोडा तरी सोसतो.

‘आश्रया’चीहि तीच गत झाली. ‘आश्रित’ या शब्दाचा सरळ अर्थ, जो टेकला आहे तो. त्यांत कमीपणा कसला? परंतु आपल्या घरांतून हा शब्द ज्या स्वरानें उच्चारला जात असे, तो स्वर ज्यांनीं ऐकला आहे त्यांस अधिक सांगावयास नको. ज्यांनीं ऐकला नाहीं त्यांच्यासाठीं माझ्या लहानपणची एक आठवण सांगतों.

आमच्या कोकणांतल्या घरीं वडिलांची एक आत्या असे. आम्ही मुलेंहि तिला आत्याच म्हणत असूं. नवव्या वर्षीं लग्न आणि अकराव्या वर्षीं वैधव्य. त्यानंतरचीं पन्नास वर्षें तिनें भावाच्या व मग भाच्याच्या घरीं काढलीं. १९५० च्या सुमारास मी तिला पाहिलें तेव्हां ती साठीची होती. अंगावर तांबडें आलवण, डोक्यावरून ओढलेला पदर, आणि पहांटे चारापासून रात्रीं दहापर्यंत न थांबणारे हात. सोंवळ्यांतला स्वयंपाक तिचा, बाळंतिणींचें न्हाणें-माखणें तिचें, आजाऱ्यांच्या उशाशीं जागणें तिचें, उन्हाळ्यांतले पापड, सांडगे, आमसुलें तिचीं. आम्हां भावंडांपैकीं प्रत्येकाला पहिली आंघोळ तिनें घातलेली. आणि इतकें असून पाहुण्यांपुढें घरांतलीं वडील माणसें सांगत तें एकच वाक्य, “आम्हीं तिला आसरा दिला.”

आज व्याकरणाचा चष्मा लावून त्या वाक्याकडे पाहतों तेव्हां तें धडधडीत चूक दिसतें. टेकणारा कोण आणि टेका कोणाचा? सारें घर तिच्या पाठीवर टेकलेलें होतें. ‘आश्रित’ या शब्दाचा धात्वर्थ धरला तर आश्रित आम्ही होतों. ती आमचा आश्रय होती. पण हिशेबाची वही पुरुषांच्या हातीं होती, आणि तींत तिचें खाणें-नेसणें खर्चाच्या बाजूला मांडलें जाई. तिचे श्रम जमेच्या बाजूला मांडावे हें कोणाच्या ध्यानींमनीं आलें नाहीं.

एका रात्रीं ती ओटीवर गुडघ्यांना तेल चोळीत बसली होती. मीं मुलाच्या भाबडेपणानें विचारलें, “आत्या, तूं आमच्याकडे कधींपासून गो आहेस?”

“दादान् आसरा दिलान् तेव्हांपासून.”

“आणि दिलान् नसता तर?”

ती हंसली. परसांतल्या विहिरीकडे हनुवटीनें खूण करून म्हणाली, “मग काय रे, तिथें आसरा आहेतच कीं.”

मी घाबरून तिला बिलगलों, कारण विहिरींतल्या आसरा मला ठाऊक होत्या. वाचकांपैकीं ज्यांचें खेड्याशीं नातें राहिलें आहे त्यांसहि त्या ठाऊक असतील. हा ‘आसरा’ शब्द निराळा. तो स्त्रीलिंगी आहे आणि ‘अप्सरा’ या शब्दापासून आलेला आहे. ‘अप्’ म्हणजे पाणी; पाण्यांत सरणारी, विहरणारी ती अप्सरा, अशी तिची जुनी फोड आहे. प्राकृतांत तिची ‘अच्छरा’ झाली, आणि ‘मत्स्या’चा ‘मच्छ’ होऊन मराठींत ‘मासा’ व्हावा, त्याच नियमानें ‘अच्छरे’ची ‘आसरा’ झाली. विहिरीच्या कांठीं, डोहाजवळ सात दगडांस शेंदूर लावून ‘साती आसरां’ची पूजा महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं होते, कोकणांत पाण्याच्या अशाच देवतांस ‘मावलाया’ म्हणतात. स्वर्गांतली नर्तकी खेड्यांत येतां येतां जलदेवता झाली, आणि थोडी भयंकरहि झाली. भर दुपारीं एकट्यानें पाण्याशीं जाऊं नये, आसरा ओढून नेतात, असें आम्हांस बजावलेलें असे.

तेव्हां मला वाटलें कीं आत्या मला भिवविते आहे. तिच्या बोलण्यांतला श्लेष ध्यानांत यावयास पुढें वीस वर्षें लागलीं. दोन शब्द, दोन निराळ्या मुळांचे, मराठींत येऊन उच्चाराला एक झाले. आणि जिला पहिला आसरा मिळाला नाहीं, तिच्यासाठीं दुसऱ्या आसरा कांठावर वाट पाहत उभ्या राहिल्या. एखादी सून, एखादी विधवा सकाळीं विहिरींत सांपडली म्हणजे ‘आसरांनीं नेली’ असें म्हणावयाचें, आणि पुढची चौकशी तेथेंच मिटवावयाची. भाषेंत योगायोगानें झालेल्या एकोच्चाराचा समाजानें इतका क्रूर उपयोग करून घ्यावा, हें आठवलें म्हणजे अजून मन सुन्न होतें.

त्या विहिरीच्या आणि घराच्या मधें तिसरी एक जागा असावी, हा विचार ज्यांस प्रथम सुचला त्यांचीं नांवें या कुळकथेंत आलींच पाहिजेत. १८६३ सालीं पुण्यास जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवांनीं तेथें येऊन निर्धास्तपणें बाळंत व्हावें, मूल जगवावें, नांवाचा बोभाटा होणार नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. तेथें येणाऱ्या बहुतेक आपल्याच घरांतल्या होत्या. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्या दांपत्यानें पुढें दत्तक घेतला व त्याला शिकवून डॉक्टर केलें. मनूचा तो नांवांचा नियम आतां पुन्हां आठवावा. ज्यांच्या नांवांत स्मृतीनें आसरा घातला होता त्यांनीं दारें लावलीं, आणि ज्यांच्या नांवांत सेवा घातली होती त्यांनीं तीं उघडलीं. शब्दाचा खरा अर्थ कोशांत नसतो, दारांत असतो, याहून मोठें उदाहरण मला माहीत नाहीं.

त्यानंतर १८८९ सालीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईस ‘शारदा सदन’ उघडलें. त्या सदनांत शिकलेल्या एका विधवेशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विवाह केला. त्याबद्दल मुरुडास त्यांच्यावर बहिष्कार पडला. तरीहि १८९६ सालीं त्यांनीं पुण्यास संस्था काढली, तिचें नांव ‘अनाथ बालिकाश्रम’. १९०० सालीं ती हिंगण्याच्या माळावर एका झोंपडींत गेली, आणि फर्ग्युसन कॉलेजांतलें शिकविणें आटोपून अण्णासाहेब पायीं तेथें जात.

येथें आपला दुसरा शब्द आला, ‘आश्रम’. ‘श्रम्’ म्हणजे कष्टणें, झिजणें. जेथें वा ज्या अवस्थेंत नेमानें श्रम करावयाचे तो आश्रम. ब्रह्मचर्य आणि वानप्रस्थ तर आश्रम आहेतच. परंतु गृहस्थाश्रम हाहि आश्रमच, याची ज्यांनीं संसार केला आहे त्यांस वेगळी खूण पटविण्याची जरूर नाहीं. अण्णासाहेबांनीं नांव ठेवतांना धातु मनांत धरला होता कीं नव्हता हा प्रश्न गौण आहे. पुढें जें घडलें तें धातूला धरूनच घडलें. तेथें येणाऱ्या मुलींस नुसती पाठ टेकावयास भिंत मिळाली नाहीं. पाटी मिळाली, पुस्तक मिळालें, काम मिळालें.

त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचेंच उदाहरण पाहावें. त्या विधवा होऊन, पदरीं एक लहान मूल घेऊन बहिणीकडे आल्या. वय वाढलेलें, अक्षरांशीं झगडा. त्या शिकल्या, आश्रमाचें काम करूं लागल्या, आणि मग त्या आश्रमासाठीं निधि गोळा करीत गांवोगांव हिंडल्या. १९१८ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें घरकाम करून पोट भरीत इंग्रजी शिकल्या. परत येऊन पुन्हां आश्रमाचें काम. त्यांनीं आपलें आत्मवृत्त लिहून ठेवलें आहे, ‘माझी कहाणी’. आसरा घ्यावयास आलेली बाई दुसऱ्या शेंकडों बायांचा आसरा झाली, ती त्या जागेंत श्रमाला मान होता म्हणून. आमच्या आत्याचे श्रम पार्वतीबाईंपेक्षां कमी नव्हते. कमी होता तो त्या श्रमांचा हिशेब, आणि त्यांवर तिचें नांव.

पुढें कायद्यालाहि हें समजलें, जरी फार हळूहळू समजलें. एकत्र कुटुंबांतल्या विधवेचा हक्क पूर्वीं ‘अन्नवस्त्र’ या एका शब्दांत संपत असे. १९३७ सालच्या कायद्यानें तिला नवऱ्याच्या हिश्शावर हयातीपुरता हक्क मिळाला. १९५६ च्या वारसा कायद्यानें तिची मालकी पुरी झाली. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें, घरावर नांव असो वा नसो, ज्या घरांत स्त्री नांदते त्यांत राहण्याचा तिचा हक्क मानला. २००७ सालीं वृद्ध आई-बापांच्या निर्वाहाचा कायदा झाला. आसरा हा शब्द उपकाराच्या खात्यांतून काढून हक्काच्या खात्यांत लिहावयास आपल्याला इतकीं वर्षें लागलीं. अर्थात् कायदा निवारा देऊं शकतो. टेका देणें त्याच्या हातीं नाहीं. तें अजून घरच्या माणसांच्याच हातीं आहे.

असो. आतां माझ्या शेजारीणबाईंच्या प्रश्नाकडे वळतों. हें सारें टिपण तयार करून गेल्या आठवड्यांत मी त्यांना भेटावयास गेलों. मनांत म्हटलें, त्यांची समजूत घालावी. सांगावें, कीं बाई, टेकण्यांत कमीपणा नाहीं. शिडी भिंतीला टेकते ती पडून राहण्यासाठीं नव्हे, कोणाला तरी वर चढतां यावें म्हणून टेकते. टेका भिंतीचा असतो, चढण्याचे श्रम आपले असतात. चांगल्या घरांत आश्रय आणि आश्रम दोन्ही एका ठिकाणीं नांदतात.

बाई मला मुदपाकखान्याच्या ओसरीवर सांपडल्या. समोर वही, नाकावर चष्मा. “बसा,” म्हणाल्या. “भाजीचा हिशेब आतां माझ्याकडे आहे. पहिल्याच महिन्यांत बेरजेची चूक सांपडली.” मीं माझें भाषण तसेंच गिळलें, आणि ‘आश्रम’ शब्दाची व्युत्पत्ति तेवढी सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली व मान हलविली. नवी कांहीं गोष्ट कळली असा भाव त्यांच्या तोंडावर दिसला नाहीं.

निघतांना मीं विचारलें, “आणि तें घर? पाटी काढून ठेवली काय?”

“पाटी कशाला काढूं? दोन परिचारिका मुली राहावयास आल्या आहेत. रात्रपाळीहून पहांटे येतात बिचाऱ्या. जागा मिळत नव्हती त्यांना.”

“तशाच ठेवल्यात?”

“तशाच कशा?” त्या म्हणाल्या. “भाडें घेतें. थोडकें घेतें, पण दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मोजून घेतें. फुकट ठेवल्या तर माझ्या आश्रित होतील. तसें नको.”

वाचकहो, धातु, प्रत्यय, निघंटु, अमर यांच्या साहाय्यानें मीं जें इतकीं पानें सांगत आलों, तें त्या गणिताच्या शिक्षिकेनें चार वाक्यांत सोडवून दाखविलें. आसरा द्यावा तो असा, कीं घेणाऱ्याची मान वांकूं नये. आमच्या आत्याला असा आसरा कोणीं दिला असता तर त्या रात्रीं ती विहिरीकडे हनुवटीनें खूण करती ना.